प्रश्नांचा मिसळणाचा डबा

"आई, विमानाला दार डावीकडेच का असतं?"

"बाबा आले की विचार."

"आई, जपानी लोक निघताना काय म्हणतात?"

"ताईला विचार. मला पोळ्या करू देत."

खरं सांगा मैत्रिणींनो, सुट्टीच्या दिवसांत ही वाक्यं आपल्या तोंडून किती वेळा जातात? पोळ्यांची घाई खोटी नसते, हे कबूल. पण पुष्कळदा कारण निराळंच असतं. "मला काय कळतंय त्यातलं!" असं आपणच आपल्याला सांगून ठेवलेलं असतं. मांडवातून निघताना माहेराचा निरोप घेतला, आणि त्याच गडबडीत शाळेतला भूगोल, गाण्याचा क्लास, वाचनालयाचं कार्ड या सगळ्यांचाही निरोप घेऊन टाकला! मुलं हुशार असतात. चार-सहा वेळा "बाबांना विचार" ऐकलं की ती आईला विचारायचंच सोडून देतात. तोटा मग दोघांचाही होतो.

म्हणून आज हा डबा उघडते आहे. मिसळणाच्या डब्यात कशी मोहरी, हळद, जिरं, तिखट शेजारी शेजारी नांदतात आणि एका फोडणीत एकत्र येतात, तसंच सामान्यज्ञानाचं आहे. आजच्या डब्यात चार वाट्या आहेत: भूगोल, विमान, गाणं आणि निरोप. वाचायला सोपं जावं म्हणून सुरुवात आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून करते. (तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या तोंडी अजून औरंगाबादच असेल, तेही चालेल!)

पहिली वाटी : भूगोल

प्रश्न : आमचं शहर वसवणारा माणूस मूळचा कुठला?

दिल्लीचा? चुकलं! आफ्रिकेतला. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहाती फिरत दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० साली खडकी या गावाच्या जागी हे शहर वसवलं. पुढे त्याच्या मुलाने, फतेहखानाने, त्याचं फतेहनगर केलं. १६५३ च्या सुमारास औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून पुन्हा आला तेव्हा औरंगाबाद हे नाव आलं, आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. एका शहराची चार बारशी झाली म्हणा ना!

प्रश्न : वीज नाही, पंप नाही, आणि तरी घरोघरी पाणी. कसं?

मलिक अंबराने जमिनीखालून नहरी बांधल्या. उंचावरचं पाणी खापरी नळांतून उताराने आपोआप शहरात यायचं. याच युक्तीवर पुढे अठराव्या शतकात खाम नदीकाठची पाणचक्की चालली. वरून पडणाऱ्या पाण्याच्या जोराने खालचं पातं फिरायचं आणि त्याच्या आधाराने वरचं जातं. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांना, वाटसरूंना लागणारं पीठ तिथे दळलं जाई. पहाटे उठून जातं ओढणाऱ्या तेव्हाच्या बायकांनी ते फिरणारं दगडी जातं पाहिलं असेल, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

प्रश्न : धरण पैठणला, मग नाव जायकवाडी का?

हा प्रश्न मोठ्या माणसांनाही चकवतो. हैदराबाद संस्थानाच्या काळात हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचं घाटत होतं. पुढे जागा बदलून ती गोदावरीच्या वरच्या अंगाला, पैठणला आली. नाव मात्र जुनंच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. सुमारे दहा किलोमीटर लांबीचं हे मातीचं धरण आहे. त्याला २७ दरवाजे आहेत आणि त्याच्या जलाशयाला संत एकनाथांवरून नाथसागर म्हणतात.

आता या उत्तराची दुसरी बाजू. आमच्या शहराचं पाणी नाथसागरातून येतं. मलिक अंबराचं पाणी उताराने खाली येत होतं. आजचं पाणी पैठणहून शंभर मीटरहून जास्त उंची चढवून आणावं लागतं. ते यायच्या वाराची कित्येक वर्षं आपण वाट पाहिली, हंडे-कळश्या-टाक्या भरून ठेवल्या. पण त्या पाण्याखाली शंभराहून अधिक गावांच्या जमिनी आणि घरं गेली आहेत. कुणाचं सासर गेलं, कुणाचं माहेर. आपण सासरी निघताना मागे वळून पाहतो तेव्हा माहेरचं दार तरी उभं असतं. त्या बायकांनी निरोप दिला तो दारालाच. मुलांना धरणाच्या दरवाजांची संख्या सांगाल, तेव्हा हेही सांगा. नळ वाहता सोडू नकोस हे मग निराळं सांगावं लागणार नाही.

दुसरी वाटी : विमान

प्रश्न : विमानात भाजी अळणी का लागते?

आचाऱ्याला बोल लावू नका! विमान दहा-बारा हजार मीटरवरून उडत असतं. आतल्या हवेचा दाब कृत्रिम रीतीने वाढवतात, पण तोही साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावा इतकाच ठेवतात. आपलं कळसूबाईचं शिखर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, १,६४६ मीटरचं आहे. म्हणजे विमानात बसल्या बसल्या तुम्ही कळसूबाईच्याही वर जेवत असता! त्यात आतली हवा फार कोरडी. नाक कोरडं पडलं की वास कळत नाही, आणि वास कळला नाही की चव उतरते. सर्दी झाल्यावर आमटी पांचट लागते ना, तसंच. खारट आणि गोड या चवी तिथे जास्त मंदावतात. टोमॅटोच्या रसाची चव मात्र बरीचशी टिकून राहते. म्हणून प्रवासाला तिखटमिठाच्या पुऱ्या नेणारी आपली आजी चुकत नव्हती.

आणि ते डावीकडचं दार? ती चाल जहाजांकडून आलेली. जहाज धक्क्याला डाव्या बाजूने लावायची जुनी पद्धत होती. विमानांनी तीच उचलली. उतारूंची चढ-उतर डावीकडून, आणि सामान व इंधनाची कामं उजवीकडून.

प्रश्न : साडी नेसून विमान चालवणारी पहिली भारतीय स्त्री कोण?

सरला ठकराल. साल १९३६, वय २१, पदरी एक लहान मुलगी, आणि हाती जिप्सी मॉथ जातीचं छोटं विमान. तेव्हा जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपालाचं विमान आणलं, त्याला जेमतेम चार वर्षं झाली होती.

त्यानंतरचं नाव प्रेम माथुर. १९४७ साली त्यांना व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला. बाई विमान चालवणार म्हटल्यावर उतारू घाबरतील, म्हणून एकामागून एक कंपन्यांनी त्यांना नकार दिला. अखेर संधी दिली ती हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने. त्या वेळी आपला मराठवाडाही हैदराबाद संस्थानातच होता, म्हणजे हे घरचंच कौतुक म्हणायचं! १९४९ साली याच प्रेम माथुरांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकून दाखवली. आणि १९८५ च्या नोव्हेंबरात कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्त्याहून सिलचरला फोकर विमान नेलं, तेव्हा विमानातले सगळे कर्मचारी स्त्रियाच होत्या. इंडियन एअरलाइन्सच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं.

विमानाच्या वाटीत एक कडू दाणाही आहे, तो निवडून टाकता येत नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी आमच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गठाणी भरलेल्या ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांत अडकलं आणि कोसळलं. विमानात ११८ माणसं होती. त्यांतली ५५ गेली, ६३ वाचली. चौकशीत दोन कारणं पुढे आली : वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचललं, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहनं रोखली गेली नव्हती. दोन माणसांनी दोन ठिकाणी आपापलं काम चोख केलं असतं तर? रेल्वेच्या फाटकात दहा मिनिटं थांबावं लागलं की आपण चिडतो, कुणी खालून वाकून पलीकडे जातं. अशा वेळी मुलांना ही गोष्ट सांगावी. बंद फाटक म्हणजे कुणाची तरी घरची वाट राखलेली असते.

तिसरी वाटी : गाणं

प्रश्न : हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही संगीतं ज्या एका ग्रंथाला मानतात तो कुठे लिहिला गेला?

आमच्या शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर! देवगिरीला. किल्ला पाहायला जाऊन भुयारात वटवाघळं मोजून आलेल्या मंडळींना हे ठाऊक नसतं. तेराव्या शतकात यादवराजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान होता. त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं. दरबारात त्याचं काम हिशेबाचं. दिवसा राज्याचा जमाखर्च पाहायचा आणि गाण्यावर ग्रंथ लिहायचा, तोच 'संगीतरत्नाकर'. स्वर, राग, ताल, वाद्यं, नृत्य असे त्याचे सात अध्याय आहेत. आणि गंमत अशी की गाण्याच्या या ग्रंथात सुरुवातीलाच पोटातला गर्भ कसा वाढतो, शरीर कसं घडतं, याचं वर्णन येतं. का? तर नाद शरीरातून उमटतो, म्हणून आधी शरीर समजून घ्यायचं! शार्ङ्गदेव वैद्यकही जाणत होता. किराणा-दूध-पेपरचा हिशेब लिहिता लिहिता गुणगुणणाऱ्या बायकांना या हिशेबनिसाची आठवण असावी.

देवगिरीचं नाव आजही मैफलीत ऐकू येतं. देवगिरी बिलावल हा राग तुम्ही रेडिओवर ऐकला असेल. किल्ला पडला, राजे गेले, राजधानीचं नाव दौलताबाद झालं, आणि जुनं नाव गळ्यात टिकलं.

चौथी वाटी : निरोप

प्रश्न : निघताना आपण "जाते" का म्हणत नाही?

"जाते" म्हटलं की सासूबाई लगेच म्हणतात, "जाते नाही गं, येते म्हणावं." हे फक्त आपलंच नाही बरं का! गुजराती शेजारीण "आवजो" म्हणते, म्हणजे पुन्हा या. बंगाली बाई निघताना "आशी" म्हणते, म्हणजे येते. कानडीत "होगि बरतीनि" आणि तमिळमध्ये "पोयिट्टु वरेन", दोन्हींचा अर्थ जाऊन येते. इतक्या निरनिराळ्या भाषा, पण उंबऱ्यावरची भीती एकच आणि तिच्यावरचा उतारा एकच. म्हणून तर हातावर दही घालायचं, आणि गणपतीला निघता निघताच पुढच्या वर्षाचं आमंत्रण देऊन ठेवायचं.

बाहेरच्या जगात काय म्हणतात? इंग्रजी "गुडबाय" हे "देव तुझ्याबरोबर असो" या वाक्याचं झिजलेलं रूप. फ्रेंचांचं "ओ रव्वार" म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. इटलीतलं "चाओ" व्हेनिसकडचं. मूळ अर्थ, "मी आपला दास"! आणि जपानी "सायोनारा"चा मूळ अर्थ "तसंच असायचं असेल, तर…" एवढाच. पुढचं वाक्य बोलायचंच नाही. पाठवणीच्या वेळी आपली आई असंच अर्ध्यावर थांबते.

प्रश्न : बायकोकडे जायला रजा मिळावी म्हणून लिहिलेलं संगीत कोणतं?

हसू नका, खरं आहे. ऑस्ट्रियाचा मोठा संगीतकार हायडन हा एस्टरहाझी नावाच्या सरदारघराण्याच्या पदरी होता. १७७२ साली हे सरदार आपल्या दूरच्या उन्हाळी वाड्यात मुक्काम वाढवतच बसले. वादकांची बायकामुलं मागे आयझेनश्टाट गावी होती. तोंड उघडून सांगणार कोण? हायडनने एक सिम्फनी रचली, क्रमांक ४५. तिच्या शेवटच्या भागात एकेक वादक आपलं वाजवून संपवतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. शेवटी दोनच व्हायोलिनं हळू आवाजात उरतात, आणि मग तीही थांबतात. सरदार समजले. दुसऱ्याच दिवशी परतीची तयारी झाली, असं सांगतात. या रचनेला 'निरोपाची सिम्फनी' असंच नाव पडलं आहे. घरच्या मंडळींना काही सुचवायचं असेल, तर भांडण्याखेरीजही मार्ग असतात, हा त्यातला धडा!

चारही वाट्या एका फोडणीत

आता शेवटचा प्रश्न. यात भूगोल आहे, उड्डाण आहे, गाणं आहे आणि निरोपही.

माणसाने बनवलेल्या वस्तूंपैकी पृथ्वीपासून सर्वांत दूर गेलेली वस्तू कोणती, आणि तिच्यावर कुणाचा आवाज आहे?

ती वस्तू म्हणजे व्हॉयेजर-१ हे यान. अमेरिकेने १९७७ साली अशी दोन यानं सोडली. दोन नंबरचं आधी, २० ऑगस्टला, आणि एक नंबरचं नंतर, ५ सप्टेंबरला. कारण एक नंबरचा मार्ग जवळचा, ते पुढे निघून जाणार हे ठरलेलंच होतं. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. न जाणो, कधी कुणी परके भेटलेच तर त्यांना पृथ्वी कळावी म्हणून! तीवर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत. त्यांत आपली मराठी आहे. आणि जगभरातून निवडलेल्या २७ संगीतखंडांत भारतातून एकच आवाज आहे. तो केसरबाई केरकरांचा.

केसरबाई गोव्यातल्या केरी गावच्या. जन्म १८९२ चा. अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांनी वर्षानुवर्षं खडतर तालीम घेतली, आणि मैफलीत त्यांच्या शब्दाला असा मान होता की भलेभले वचकून असत. तबकडीवर घेतलेली त्यांची चीज आहे 'जात कहाँ हो', म्हणजे 'कुठे चाललात?' राग कोणता? भैरवी! मैफल ज्या रागाने संपवायची, निरोप ज्या रागात द्यायचा, तोच. व्हॉयेजर-१ निघालं आणि अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई गेल्या. यान २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याचा प्रदेश ओलांडून पलीकडे गेलं. आज तिथून निघालेला रेडिओ संदेश पृथ्वीवर पोहोचायला जवळजवळ एक पूर्ण दिवस लागतो. इतक्या दूर एका मराठी-कोकणी मुलखातल्या बाईचा आवाज "कुठे चाललात?" असं विचारत निघाला आहे.

हे मुलांना सांगाल तेव्हा आधी केसरबाईंची ती भैरवी ऐकवा. साडेतीन मिनिटांचीच आहे. कुकरच्या तीन शिट्ट्यांत होते.

हा डबा वापराल कसा?

आता थोडं व्यवहाराचं. लग्नाच्या, मुंजीच्या जुन्या पत्रिका फेकू नका. कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापा. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. एका रिकाम्या बरणीत टाकून ठेवा. भिशीच्या दिवशी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किंवा मुलांच्या वाढदिवसाला बरणी काढा. नियम दोनच :

१. नुसतं नाव किंवा साल सांगितलं तर एक गुण, "का" आणि "कसं" सांगितलं तर तीन. सनावळ्या पाठ करणं म्हणजे डाळ न शिजवताच फोडणी घालणं. चरचर होते, पोट भरत नाही.

२. प्रत्येकीने येताना एक नवा प्रश्न आणायचा, आणि तो आपल्या गावचा असावा. तुमच्या गावाचं नाव कशावरून पडलं? पाणी कुठून येतं? गावातून कोण लांब गेलं आणि जाताना काय घेऊन गेलं? घरातल्या आजींना बरणीशेजारी बसवा. त्यांच्याकडे पुस्तकात नसलेली उत्तरं असतात.

आणि उत्तर येत नसेल तेव्हा? "बाबांना विचार" ऐवजी "थांब, आपण दोघं मिळून शोधू" म्हणून पाहा. नकाशा काढा, शब्दकोश काढा, वाचनालयाचं कार्ड पुन्हा करा. पोळ्या पाच मिनिटं उशिरा झाल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. आईलाही शोधावंसं वाटतं, हे एकदा मुलांनी पाहिलं की पुढचा प्रश्न ती तुमच्याकडेच घेऊन येतील.

तर मैत्रिणींनो, बरणी धुऊन पुसून ठेवा. येते हं!